वारूळ होतं का रे तिथं? : पाषाणच्या एका सोसायटीतल्या छत्र्यांचं प्रकरण

"वारूळ होतं का रे तिथं?" या प्रश्नाला "हो" असं उत्तर मिळालं, आणि त्या उत्तरापायी, लॉनवरची भूछत्रं खाऊन, एका घरातली चार माणसं रविवारी संध्याकाळी दवाखान्यात सलाईन लावून पडली होती. घरच्यांना विचारूनच हे सगळं लिहिते आहे. नावं मुद्दाम टाळली आहेत. आजी, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू, एवढं पुरेसं आहे.

आमची सोसायटी वेताळ टेकडीच्या पाषाणकडच्या अंगाला आहे. मधोमध लॉन आहे. काही वर्षांपूर्वी ट्रकने माती आणून, शेणखत मिसळून ते तयार केलं. आषाढ संपत आला होता. आठवडाभर झड लागलेली, शनिवारी दुपारी उघडीप मिळाली आणि ऊन पडलं. भिजलेली माती आणि त्यावर ऊब मिळाली की बुरशी जमिनीतून वर येते. रविवारी सकाळी टेकडीवरून उतरताना आजींच्या मुलाला लॉनवर पांढऱ्या छत्र्या दिसल्या. अर्धगोलात, कुणी मांडून ठेवल्यासारख्या. दोन ताटलीएवढ्या उमललेल्या, बाकीच्या अंड्याएवढ्या, मिटलेल्या.

हा मुलगा दहावीपर्यंत वेल्ह्याकडं, तोरण्याच्या पायथ्याच्या गावात वाढलेला. त्या घरात पावसाळ्यात सुपाने अळंबी यायची. "लहानपण एकदम समोर उभं राहिलं हो," असं तो मला नंतर म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज बसला. त्याने खिशातल्या चाकूने छत्र्या तेवढ्या कापून घेतल्या. घरात माती नको म्हणून दांडे तिथंच ठेवले. असंच कापायचं हे त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं.

पिशवी आजींच्या समोर आली तेव्हा त्यात फक्त छत्र्या होत्या. सूनबाईंनी त्या नळाखाली चोळून स्वच्छ धुतल्या होत्या. आजींनी एक हातात घेतली, उलटी केली, वास घेतला. खालचे पापुद्रे पांढरे होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"हो आई. मुंग्याही होत्या तिथं."

"आणि दांडं कुठंयत?"

"ठेवले तिथंच. मातीत होते."

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. हा क्षण त्यांनी मला दवाखान्यात दोनदा सांगितला. पोराचा चेहरा इतका खुलला होता की पुढं विचारवेना. "दांडा बघितला असता ना पोरी, तर तिथंच फेकली असती."

भाजी नेहमीसारखी झाली. कांदा, लसूण, हिरवी मिरची, ओलं खोबरं, दोन आमसुलं. सूनबाईंच्या माहेरी कढईत चांदीचं नाणं टाकून बघायची रीत, तेही केलं. नाणं लख्ख राहिलं. नातवाला धीर निघेना, म्हणून त्याला एक जाड छत्री तव्यावर मीठ लावून भाजून दिली. बाहेरून खरपूस, आतून कच्चट. एक वाजता जेवणं झाली. आजी सगळ्यांचं झाल्यावर बसल्या आणि त्यांच्या वाट्याला दोन घास आले.

अडीचच्या सुमाराला नातवाला पहिली उलटी झाली. अर्ध्या तासात त्याच्या आईवडिलांनाही सुरू झाल्या. पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, अंगाला घाम. चार वाजता शेजाऱ्यांनी गाडी काढली. आजींना त्रास सुरू झाला तो संध्याकाळी, आणि सगळ्यांत सौम्य. नातवाचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते, लघवी झाली नव्हती.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिले दोन प्रश्न विचारले, तेच या प्रकरणात सगळ्यांत मोलाचे होते. किती वाजता खाल्लं आणि पहिली उलटी किती वाजता झाली? आणि त्या भूछत्राचा तुकडा कुणी आणू शकेल का?

वेळेचा प्रश्न महत्त्वाचा का, ते नीट सांगायला हवं. भूछत्रांमधलं सर्वांत घातक विष अ‍ॅमाटॉक्सिन गटातलं. ते पेशींना नवी प्रथिनं तयार करण्यासाठी लागणारं काम थांबवतं आणि मुख्यतः यकृत मारतं. शिजवून ते जात नाही. पण त्याची लक्षणं लगेच दिसत नाहीत. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, माणूस अगदी ठणठणीत असतो. मग उलट्या-जुलाब होतात, दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं, घरी पाठवतात, आणि तिसऱ्या दिवसापासून यकृत निकामी होत जातं. म्हणून दोन-तीन तासांच्या आत सुरू झालेल्या उलट्या हे त्यातल्या त्यात बरं लक्षण मानतात. मात्र पिशवीत दोन जातींची सरमिसळ असेल, तर पहिल्या जातीच्या उलट्यांमागे दुसरीचं विष लपून राहू शकतं. म्हणून दुसरा प्रश्न.

सूनबाईंनी दवाखान्यातून मला फोन केला, कारण मी बरीच वर्षं टेकडीवर भूछत्रं बघत हिंडते हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी टॉर्च घेऊन लॉनवर गेले.

दांडे तिथंच होते. कापलेले, खुंटासारखे उभे, अर्धगोलात. दोन खुंटांवर पांढरट कडं शिल्लक होतं. बोटांनी धरलं तर बांगडीसारखं वरखाली सरकत होतं. एक खुंट बोटांनी मुळापासून उपसला. तळाशी गड्ड्यासारखा फुगीर भाग, आणि तिथंच तो संपला. खाली काही नाही, नुसती माती आणि कुजलेलं गवत. बाजूला मुंग्यांची रांग चालली होती, त्यांचं बीळ लॉनच्या फरशीखाली होतं. कुंपणाच्या मेंदीखाली एक जुनी, किडकी छत्री मुलाने सोडून दिलेली सापडली. तिच्या डोक्यावर तपकिरी खपल्या होत्या, मध्यभागी दाट, कडेला विरळ. खालचे पापुद्रे मळकट हिरवट झाले होते.

आता ठसा घ्यायचा होता. भूछत्राच्या पापुद्र्यांवरून बीजाणू, म्हणजे बियांचं काम करणारे कण, झडतात, कोट्यवधी, आणि एकेक डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. पण रात्रभर कागदावर छत्री ठेवली की त्यांचा थर बसतो आणि रंग कळतो. मी नातवाच्याच चित्रकलेच्या वहीतला एक पांढरा आणि एक काळा कागद शेजारी शेजारी चिकटवला, छत्री अर्धी इकडे अर्धी तिकडे येईल अशी पालथी ठेवली, वर पाण्याचा एक थेंब टाकला आणि काचेचा वाडगा झाकला. सात वाजले होते. साडेअकराला वाडगा उचलला. छत्री अलगद बाजूला केली तर खाली चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा उमटल्या होत्या, प्रत्येक पापुद्र्याची एक. रंग हिरवा. वाळलेल्या कढीपत्त्याचा असतो तसा राखाडी हिरवा.

असा हिरवा ठसा देणारी भूछत्रं जगात अगदी मोजकी. खपल्या असलेली मोठी पांढरी छत्री, सरकतं कडं, गवतातली जागा आणि हिरवा ठसा, हे सगळं जुळतं ते क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस या जातीशी. तिच्या नावातच हिरवा रंग आहे, क्लोरो म्हणजे हिरवा. उष्ण आणि दमट हवेच्या देशांत लॉनवर उगवणारी, आणि चुकून खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधांमध्ये वारंवार दिसणारी ही जात आहे. तिचं विष पोटापुरतं असतं. जपानी संशोधकांनी तिच्यातून एक विषारी प्रथिन वेगळं केलं आहे, ते उष्णतेने निकामी होतं. नातवाला सगळ्यांत जास्त त्रास झाला, त्याचं हे एक कारण असावं. त्याने कच्चट खाल्लं होतं, अंगाने लहान होता आणि अंगातलं पाणी भराभर गेलं. पण शिजवलं की निर्धोक, असा अर्थ यातून कुणी काढू नये. त्याच्या आईवडिलांनी चांगली शिजलेली भाजी खाल्ली होती.

ठशाचा आणि खुंटांचा फोटो मी डॉक्टरबाईंना पाठवला. त्यांनी सरमिसळीची शंका सोडली नाही आणि मला ते फार पटलं. यकृताच्या तपासण्या पुढचे दोन दिवस पुन्हा पुन्हा केल्या. सगळ्या ठीक आल्या. मोठी माणसं सोमवारी संध्याकाळी घरी आली, नातू मंगळवारी.

पिशवीत काय नव्हतं

तोवर सोसायटीच्या ग्रुपवर बोलणं सुरू झालं होतं. म्हातारीने गावठी हौस केली, कशाला हवं होतं, शहरात राहून असलं खातात का. मला हे वाचून वाईट वाटलं, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्यामुळेच. आजींचं ज्ञान खोटं नव्हतं. त्यांच्या हातात आलेला पुरावा अर्धा होता.

आजींच्या गावात अळंबी कशी ओळखतात, ते मी त्यांच्याकडून दवाखान्यात त्या झोपून असताना, मग घरी, असं चार-पाच बैठकांत नीट विचारून घेतलं. वारूळ पाहिजे. दांडा खाली निमुळता होत मुळासारखा लांब गेला पाहिजे, त्याला त्या शेपटा म्हणतात. दांड्याला कडं नसतं. छत्रीच्या मधोमध टोक असतं, भोवऱ्याच्या आरीसारखं, कारण तिला कडक माती फोडून वर यायचं असतं. आणि पापुद्रे जुने झाले की गुलाबीसर होतात, हिरवे कधीच नाही.

पाच खुणा. त्यातल्या तीन जमिनीत आणि दांड्यावर, म्हणजे लॉनवरच राहिल्या. पाचवी खूण पिकल्यावर दिसणारी, आणि पिशवीतल्या उमललेल्या दोन्ही छत्र्यांचेही पापुद्रे अजून पांढरेच होते. राहिली डोक्यावरची खूण. टोक नव्हतं, पण छत्र्या मिटलेल्या होत्या, आणि आजी म्हणतात की कोवळ्यात टोक नीट कळतच नाही. ज्या तपकिरी खपल्यांनी शंका आली असती, त्या नळाखाली धुऊन गेल्या होत्या. त्या वरवरच्याच असतात.

शिल्लक राहिला एकच प्रश्न, वारुळाचा. त्याला मुलाने प्रामाणिक उत्तर दिलं. इथं मला आपल्या भाषेकडे बोट दाखवावंसं वाटतं. आपण सर्रास "मुंग्यांचं वारूळ" म्हणतो. पण मातीचे ते उंच बुरूज मुंग्या बांधत नाहीत, वाळवी बांधते. आणि वाळवी मुंगीच्या कुळातली नाहीच, ती झुरळांची जवळची नातेवाईक आहे. दहावीनंतर गाव सोडलेल्या मुलाच्या डोक्यात वारूळ म्हणजे मुंग्या एवढंच उरलं होतं. मुंग्या दिसल्या, तो "हो" म्हणाला. आजींनी "वाळवी होती का" असं विचारलं असतं तर कदाचित उत्तर वेगळं आलं असतं. पण त्यांच्या गावात हे दोन प्रश्न वेगळे नसतातच. तिथं वारूळ म्हटलं की कुठलं, ते सगळ्यांना माहीत असतं.

चांदीच्या नाण्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलले, सूनबाईंना थोडं लागलं तरी. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. भूछत्राच्या विषाचा तिच्याशी काही संबंध नाही. लसूण काळा पडतो का, किडे खातात का, या परीक्षाही तशाच. माणसाला मारणारी भूछत्रं गोगलगाई आनंदाने खातात. आजींच्या खुणा आणि ही नाण्याची परीक्षा एका पंगतीत बसवू नयेत. खुणा पिढ्यान् पिढ्या एकाच मातीवर, एकाच जातीसाठी घासून घासून तयार झालेल्या आहेत, आणि त्या त्या मातीपुरत्याच आहेत. आजींना हे माझ्याआधी ठाऊक होतं. "मी नाचणीच्या वरकशीवरची सांगते. तुमच्या लॉनची मला काय म्हाईत?" वरकस म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन.

म्हणूनच वरच्या पाच खुणा वाचून कुणी अळंबी शोधायला निघू नये, ही हात जोडून विनंती. मी इतकी वर्षं बघते आहे, तरी रानातली स्वतःच्या ओळखीवर खात नाही.

लॉनचं काय करायचं

समितीची सभा झाली. पहिली सूचना आली ती बुरशीनाशक फवारायची. मी विरोध केला. वर दिसते ती छत्री म्हणजे फळ. आंबा तोडला म्हणून झाड जात नाही. बुरशीचं खरं शरीर म्हणजे मातीतलं धाग्यांचं जाळं, कुजणाऱ्या गवतावर आणि शेणखतावर जगणारं. ते एका जागेपासून सगळीकडे सारखं पसरत जातं, म्हणून छत्र्या अर्धगोलात उगवतात. फवाऱ्याने ते सगळं मरत नाही, आणि ज्या लॉनवर पोरं लोळतात तिथं औषध मात्र राहतं. शिवाय ते धागेच तिथलं मेलेलं गवत पुन्हा मातीत मिसळवत असतात.

ठरलं ते साधं. पावसाळ्यात माळीकाका सकाळी पोरं खाली यायच्या आधी फेरी मारतात आणि छत्र्या मुळासकट काढून कचऱ्यात टाकतात. हाताला लागून काही होत नाही, हात धुतले की झालं. कुत्र्यांना मात्र सांभाळावं लागतं, त्यांनाही ही बाधते. आणि दोन्ही फाटकांपाशी फलक लागला आहे. त्यावरचा फोटो मी हट्टाने उपटलेल्या पूर्ण भूछत्राचा लावायला लावला. दांडा, कडं, गड्डा सगळं दिसणारा.

शेपटा

नागपंचमीला ती मंडळी गावी गेली आणि आजींनी मलाही नेलं. पंचमीच्या दिवशी जमीन खणत नाहीत, नांगर धरत नाहीत. बायकांनी वारुळाला दूध-लाह्या वाहिल्या. खणायचं ते दुसऱ्या दिवशी.

आजी आम्हाला खाचरांच्या वरच्या वरकस जमिनीत घेऊन गेल्या. मला वाटलं होतं कालच्याच वारुळापाशी जायचं. त्या थांबल्या एका बांधाच्या कडेला, जिथं वारूळ असं काही नव्हतंच. सपाट जमीन, कुजका पाला, आणि त्यातून वर आलेल्या सात-आठ छत्र्या. राखाडी-पांढऱ्या, मध्ये टोकदार.

"आजी, इथं वारूळ कुठंय?" नातवाने विचारलं.

"खाली हाय."

त्यांनी खुरपं घेतलं आणि एका दांड्याच्या बाजूने माती काढायला सुरुवात केली. दांड्याला धक्का न लावता, कडेकडेने. वीतभर खाली गेलं तरी दांडा संपेना. तो दोरीसारखा बारीक होत, वळत खाली चालला होता, वर पांढरा आणि खाली काळपट. नातवाने खड्ड्यात हात घातला, कोपरापर्यंत गेला. मग खुरप्याखाली माती एकदम ढासळली आणि आत पोकळी दिसली. त्यात आक्रोडाच्या गरासारखी सुरकुतलेली, भुरकट स्पंजची एक गुठळी होती. तिच्यावर मोहरीपेक्षा लहान पांढरे दाणे, आणि भोवती सैरावैरा पळणारी वाळवी. शेपटा थेट त्या गुठळीत शिरला होता.

ही वाळवीची शेती. कामकरी वाळवी वाळकी पानं, काटक्या, गवत खाते आणि तिच्या विष्ठेपासून ही गुठळी रचते. त्यावर टर्मिटोमायसेस ही बुरशी वाढते (वर येणारी अळंबी हे तिचंच फळ) आणि लाकडातला जो भाग वाळवीला एकटीला नीट पचवता येत नाही तो फोडून देते. ते पांढरे दाणे वाळवी खाते, जुनी झालेली गुठळीही खाते. ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे. फ्रेंच बुरशीशास्त्रज्ञ रोजे एम यांनी या बुरशीला १९४२ मध्ये हे नाव दिलं. बटण किंवा धिंगरी या लागवडीच्या अळंब्यांसारखी तिची शेती माणसाला जमलेली नाही, कारण शेतकरी वाळवी आहे. रानातला पाला जाळला, जमीन सपाट करून माती उचलली, की वाळवी जाते आणि तिच्यासोबत अळंबीही.

आजींना यातलं एकही नाव ठाऊक नाही. पण शेपटा वाळवीच्या घरात गेला पाहिजे, वर वारूळ दिसो ना दिसो, ही त्यांची खूण ऐकून मी बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत बसले. मुलगाही उकिडवा बसून बघत होता. त्याने लहानपणी सुपं भरून खाल्ली होती, पण खाली काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं. खणायचं काम आईचं आणि आजीचं असायचं.

आजींनी पोकळीवर आधी पालापाचोळा ठेवला, मग माती लोटली आणि हाताने थापटली. पाच छत्र्या शेपट्यासकट घेतल्या, दोन तशाच राहू दिल्या. रात्री भाजी झाली. आजींनी स्वतः आधी खाल्ली, मग लेकाने, मग भीतभीत सूनबाईंनी. मी खाल्ली. नातवाने ताट बाजूला सारलं.

"नको मला."

आजींनी त्याला आग्रह केला नाही. त्याची भाकरी उचलली, दुधात कुस्करली आणि वाटी पुढं ठेवली.